गाभण मेंढी का बसते? शेवटच्या दीड महिन्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरकडं जनावरांच्या डॉक्टरचा दिवस म्हशीच्या दावणीतच जातो. मेंढपाळाचा फोन क्वचित येतो, आणि येतो तो बहुधा उशिरा: "डॉक्टर, बकरं पडलंय, दोन दिवस झालं." (आपल्याकडचे धनगर मेंढीला बकरंच म्हणतात. नवीन डॉक्टर शेळीची औषधं घेऊन पोचतो आणि मेंढ्यांच्या वाड्यावर हशा होतो.) वाड्यावर, बाजारात आणि रात्री दहानंतर फोनवर मला जे विचारलं जातं, तेच खाली लिहिलंय.

चांगली धडधाकट मेंढी व्यायच्या तोंडावर बसते. तिला होतं तरी काय?

बहुतेक वेळा ती उपाशी पडलेली असते. पोट भरलेलं दिसत असतानाही.

मेंढीचे गाभणपणाचे दिवस पाच महिन्यांचे, साधारण १४७ ते १५०. पहिले साडेतीन महिने पोटातलं कोकरू फारसं काही मागत नाही. त्याची जवळजवळ ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या वाढीला रक्तातली साखर लागते आणि कोकरू ती आईला विचारून घेत नाही. आईनं खाल्लं काय, न खाल्लं काय, ते ओढत राहतं. त्यात पोटात दोन कोकरं असली की त्यांनी कोठा (वैरण साठून आंबते ते मोठं पोट) दाबून धरलेला असतो, म्हणजे गरज वाढलेली आणि वैरण मावायला जागा कमी.

मग मेंढी अंगावरची चरबी मोडायला लागते. ही चरबी कलेजीत येते. तिथं ती नीट जळायला साखरच लागते आणि साखर तर संपलेली. गुऱ्हाळाच्या चुलवाणात ओली चिपाडं कोंबली की जाळ कमी आणि धूर जास्त, तसं होतं. हा धूर म्हणजे किटोन. थोडे किटोन शरीर वापरून टाकतं. रक्तात फार साठले की भूक मरते, मेंदूवर गुंगी येते. भूक मेली की मेंढी आणखी कमी खाते, कमी खाल्लं की आणखी चरबी सुटते. या फेऱ्यात अडकलेली मेंढी आपली आपण सहसा बाहेर येत नाही.

पुस्तकात याला प्रेग्नन्सी टॉक्सिमिया म्हणतात, दवाखान्यात आम्ही नुसतं किटोसिस म्हणतो. मराठीत काही ठिकाणी 'गाभणकाळातील विषबाधा' असं छापलेलं असतं, ते मला पटत नाही. ते वाचून माणूस रानातलं विषारी झुडूप शोधत बसतो.

म्हणजे विषारी पाला खाल्लेला नसतो? दुसऱ्या बकऱ्यांना लागत नाही?

नाही आणि नाही. एका मेंढीचं दुसरीला लागत नाही. पण एकाच वाड्यात आठवड्याभरात तीन-चार मेंढ्या बसल्या, तर कारण सगळ्यांच्या पोटात एकच आहे असं समजा, म्हणजे वैरण कमी पडतेय. त्या वेळी बसलेल्या मेंढीपेक्षा उभ्या असलेल्या गाभण मेंढ्यांची काळजी आधी करायची. करणी, नजर, बाहेरचं, याबद्दल मी वाद घालत नाही. अंगारा लावा, हरकत नाही. पण डाग देऊ नका. आधीच न खाणाऱ्या जनावराला तापलेल्या सळईनं भूक लागत नाही.

आमच्या आज्ज्याच्या काळात हा रोग ऐकला नव्हता. आत्ताच कुठनं आला?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण आज्जा खोटं बोलत नव्हता.

आपली जुनी दख्खनी मेंढी काटक. वजन तीस किलोच्या आसपास, दिवसभर माळावर चालणारी, आणि बहुतेक वेळा एकच कोकरू देणारी. एका कोकराचा भार ती माळाच्या गवतावर आणि कापणी झालेल्या रानातल्या पाल्यावर ओढून नेत होती. जुळं झालं की गावात बातमी व्हायची. एकच कोकरू असलेल्या मेंढीला हा रोग होतच नाही असं नाही, पण तो मुख्यतः जुळ्या-तिळ्यांचा रोग आहे. इंग्रज मेंढपाळांनी त्याला जुळ्या कोकरांचा रोग असंच नाव दिलं होतं.

पुढं फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालमधल्या सुंदरबनची गरोळ मेंढी आणली. अंगानं एवढीशी, पण दोन-दोन, तीन-तीन कोकरं देणारी. तिच्यातला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' तयार झाली. काम मोठं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. ज्याच्याकडं तीस मेंढ्या आहेत त्याला चाळीस-पंचेचाळीस कोकरं मिळाली तर कोणाला नको आहेत? पण अडचण आपल्याकडं झाली. नर बाजारातून आला, जुळी आली, आणि वैरण तीच राहिली, आज्ज्याच्या वेळची. त्यात माळ कमी झाला, ऊस वाढला, गायरानावर घरं झाली. जुळी देणारी मेंढी तुम्ही विकत घेता तेव्हा दुसऱ्या कोकराचा खुराकही त्याच दिवशी विकत घेतलेला असतो. तो द्यायचा राहिला की मेंढी वसुली करते.

ज्यांच्या कळपात फक्त जुनी दख्खनी किंवा माडग्याळी आहे त्यांनी निर्धास्त राहू नये. दुष्काळी वर्षात किंवा लांबलेल्या पावसात एका कोकरावरही मेंढी बसलेली मी पाहिली आहे.

पहिलं लक्षण कोणतं? ताप असतो का?

ताप नसतो. म्हणूनच लोक दोन दिवस घालवतात.

पहिलं लक्षण संध्याकाळी दिसतं. कळप वाड्याकडं परत येताना एक मेंढी मागं राहते. रोज पुढं पळणारी असेल तर आणखी लवकर ध्यानात येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भरडा टाकल्यावर सगळ्या तुटून पडतात, ही बाजूला उभी. वैरण हुंगते, एखादी काडी तोंडात धरते आणि चावायचं विसरल्यासारखी तशीच उभी राहते. तोंडातनं बाहेर लोंबणारी न चावलेली काडी ज्याच्या डोळ्यात भरते, तो मेंढी वाचवतो.

त्यानंतरची लक्षणं सगळ्यांना दिसतात: वाघरीच्या जाळीत किंवा भिंतीला डोकं टेकवून उभी राहणं, डोळ्यापुढं हात हलवला तरी पापणी न मिटणं, दात खाणं, ओठ-कान फडफडणं, मान वर करून आभाळाकडं बघणं, लेंड्या कमी, कोरड्या आणि बारीक होणं. श्वासाला जास्त पिकून उतरलेल्या फळासारखा किंवा नखांचा रंग काढायच्या पाण्यासारखा गोडसर वास येतो. काही माणसांच्या नाकाला हा वास कळतच नाही, तेव्हा वास आला नाही म्हणून रोग नाही असं धरू नका. शेवटी मेंढी बसते, आणि उपचार न झाल्यास पहिल्या लक्षणापासून आठ-दहा दिवसांच्या आत, कधी तीन-चार दिवसांतच, जाते.

कॅल्शियमची बाटली लावली की उठते म्हणतात. मग हा कॅल्शियमचा रोग नव्हे का?

तो वेगळा रोग आहे. दोन्ही एकाच मेंढीत एकाच वेळी असू शकतात, आणि माझी सर्वांत मोठी चूक इथंच झाली.

नोकरीची सुरुवात होती. कागलकडं एका वाड्यावर गेलो. मेंढी मान लांब करून, हनुवटी जमिनीला लावून बसलेली. मी कॅल्शियम दिलं. अर्ध्या तासात तिनं मान उचलली, लेंड्या टाकल्या, इकडंतिकडं बघायला लागली. मेंढपाळ मामा खूश, मी त्याहून खूश. चहा झाला, मी निघालो. ती काही खातेय का हे मी पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी मामांचा फोन: "डॉक्टर, उठली हुती, पर वैरणीला तोंड न्हाई लावलं. गेली पहाटं." पोटात दोन नर कोकरं निघाली. कॅल्शियम कमी होतं हे खरं, पण त्याच्या मागं किटोसिस उभा होता आणि मी पुढच्यालाच घेऊन परत आलो.

गाईला दुधाचा ताप, म्हणजे हाच कॅल्शियमचा रोग, येतो तो व्याल्यावर. मेंढीचं उलटं आहे. पोटातल्या कोकरांची हाडं भरत असतात म्हणून तिचं कॅल्शियम बहुधा व्यायच्या आधीच्या सहा आठवड्यांत घसरतं. हे अचानक होतं, आणि त्याआधी बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं: टेम्पोतला प्रवास, रात्रभराचा पाऊस, कुत्र्यानं उधळलेला कळप, एक दिवसाचा उपास. सकाळी चांगली असलेली मेंढी दुपारी लटपटते आणि संध्याकाळपर्यंत बसते. किटोसिस मात्र दिवसादिवसानं वाढत येतो.

ओळखायची खूण सोपी: नुसतं कॅल्शियम कमी असेल तर उपचारानंतर तासाभरात मेंढी उठते आणि खायला लागते. 'उठली' यावर थांबू नका, 'खाल्लं' हे बघा. मी आता तिच्या तोंडापुढं हिरवी शेवरी धरल्याशिवाय वाड्यावरून हलत नाही.

कॅल्शियम शिरेतून फार जोरात गेलं तर हृदय थांबतं. ज्याला शिरेतून द्यायचा सराव नाही त्यानं शिरेला हात लावू नये. कातडीखाली, कोमट करून, दोन-तीन ठिकाणी वाटून देता येतं, पण किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून.

किटोन वाढलेत हे वाड्यावरच कळू शकतं का?

लघवीवरून कळतं. माणसांच्या मधुमेहासाठी मेडिकलमध्ये किटोनच्या पट्ट्या मिळतात, त्याच चालतात. लघवीत बुडवायची, डबीवर लिहिलेल्या वेळेनं रंग बघायचा. गडद जांभळा आला की उशीर करायचा नाही. दवाखान्यात आम्ही रोथेराची चाचणी करतो, तिच्यातही जांभळा रंगच बघायचा असतो.

खरा प्रश्न लघवी मिळवायचा. बसलेली मेंढी हळूच उठवली की ती बहुतेक वेळा लगेच मुतते, तेव्हा वाटी हातात तयार ठेवूनच उठवायची. नाहीच केली तर काही सेकंद नाकपुड्या हातानं झाकून धरल्या की घाबरून मुतते. पण आजारी मेंढीला हा त्रास शक्यतो देऊ नका, त्यापेक्षा पाच मिनिटं थांबलेलं बरं.

रक्त तपासायची सोय असेल तर आणखी चांगलं. तिथं मोजतात त्या किटोनचा आकडा लिटरमागं ०.८ मिलिमोलच्या वर गेला की खाणं कमी पडतंय असा अर्थ. तो ३ च्या वर गेला की रोग आलेला आहे. माझ्या मते पहिल्या आकड्याचा उपयोग जास्त आहे. चार-पाच धडधाकट गाभण मेंढ्यांचं रक्त व्यायच्या महिनाभर आधी पाहिलं, तर सगळ्या कळपाची वैरण पुरतेय की नाही ते कळतं.

गळीत हंगामात उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) फुकटात मिळतं. तेच पोटभर घातलं तर?

पोट भरेल, पण मेंढी भरणार नाही.

ऊसतोड सुरू झाली की आपल्या जिल्ह्यात वाडं हीच मुख्य वैरण होते. हिरवं असतं, जनावर आवडीनं खातं, आणि जवळच मिळतं. पण त्यात प्रथिनं कमी, आणि ऑक्झॅलेट नावाचा पदार्थ असतो, तो वैरणीतलं कॅल्शियम बांधून टाकतो. मेंढीच्या कोठ्यातले जंतू थोडं ऑक्झॅलेट पचवतात. नुसत्या उसाच्या वाड्यावर महिनाभर ठेवलेली, दोन कोकरं पोटात असलेली मेंढी मात्र दोन्ही रोगांच्या वाटेवर एकदमच लागते.

वाडं बंद करा असं मी म्हणत नाही, ते म्हणणारा माणूस इथला नव्हे. कुट्टी करा, चुन्याची निवळी शिंपडून ठेवा आणि मग घाला. निम्म्याहून जास्त वैरण वाड्याची नको. बाकीचं शेंगाचा पाला, हरभऱ्याचा भुसा, शाळूचा कडबा, बांधावरची शेवरी, सुबाभूळ. भुईमुगाचा वाळला पाला तर मेंढीची बासुंदीच.

गूळपाणी पाजावं का? घरात गुळाचा रवा आहेच.

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच. साखर कमी झालीय, मग गूळ पाजू, हे तर्काला धरून वाटतं. पण मेंढी म्हणजे माणूस नाही. आपण खाल्लेला गूळ रक्तात साखर होऊन जातो. तिनं खाल्लेला आधी कोठ्यातल्या जंतूंच्या ताब्यात जातो, ते तो आंबवून टाकतात. साखर म्हणून रक्तात जवळजवळ काही पोचत नाही. जास्त पाजला तर कोठा आंबट होतो आणि असलेली भूकही जाते.

लवकर ओळखलेल्या, उभ्या असलेल्या मेंढीच्या भरड्यावर काकवीचा हात फिरवला तर ती चवीनं खाते. एवढ्यापुरता गूळ कामाचा. पडलेल्या मेंढीला तांब्याभर गूळपाणी ओतणं म्हणजे वेळ घालवणं.

मग तोंडानं द्यायचं औषध कोणतं?

प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन. यातलं बरंचसं कोठ्यात न आंबता पुढं जातं आणि कलेजीत त्याची साखर तयार होते. गुळात आणि यात फरक तो हाच. जनावरांच्या औषधाच्या दुकानात किटोसिसची पातळ, गोडसर औषधं मिळतात त्यांत हेच असतं.

परदेशी पुस्तकांत ६० मिली, दिवसातून दोनदा, तीन दिवस असा डोस असतो. तो तिकडच्या मोठ्या मेंढीचा आहे, आपल्या मेंढीच्या दुप्पट वजनाचा. तीस किलोच्या दख्खनीला तोच पाजायचा नाही, जास्त झालं तर त्याचीही गुंगी येते. वजन सांगून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या.

पाजताना मान आभाळाकडं ओढू नका. नाक डोळ्याच्या रेषेत राहील इतकीच उचला, बिनसुईची सिरिंज गालाच्या कडेनं आत सरकवा, थोडं ढकला, गिळू द्या. गिळत नसेल तर थांबा. फुफ्फुसात औषध जाऊन मेलेल्या मेंढ्या मी किटोसिसनं मेलेल्यांइतक्याच पाहिल्या असतील. तेल पाजणारे तर यात पुढंच.

औषधाबरोबर खाणं सुरू झालं पाहिजे. तिला कळपातून वेगळी करा, पण एकटी कोंडू नका. मेंढी एकटी पडली की खात नाही, सोबतीला एक शांत मेंढी ठेवा. पुढ्यात थोडं थोडं, ताजं, तीन-चार प्रकारचं ठेवा. पाणी कोमट द्या.

मेंढी बसलीच. आता?

आता घरचे उपाय बंद. डॉक्टरांना बोलवा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरतं पथक मागवा. शिरेतून ग्लुकोज, कातडीखाली कॅल्शियम, सलाईन, गरज पडली तर आणखी औषधं. हे सगळं देऊनही बसलेल्या मेंढ्यांतल्या बऱ्याच जातात, हे आधी सांगितलेलं बरं.

खरा निर्णय वेगळाच असतो: कोकरं काढायची का? रोगाचं मूळ पोटात ओढ लावून बसलंय. ते मोकळं झालं की मेंढीला सुटका मिळते. व्यायची तारीख जवळ असेल तर डॉक्टर डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देऊन वेणा आणू शकतात. साधारण एक ते तीन दिवसांत मेंढी विते. तेवढा वेळ तिच्याकडं नसेल तर सिझेरियन. मेंढीचं सिझेरियन वाड्यावर, जागा बधिर करून, होऊ शकतं.

इथंच आम्हाला एक माहिती लागते आणि ती कोणाकडंच नसते: नर कधी लागला होता? दिवस १४० च्या पुढं गेले असतील तर कोकरं जगायची आशा चांगली. त्याआधी काढली तर बहुधा आईच वाचवायची. नर कळपात सोडल्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर पेनानं गोल करून ठेवा. एवढं एक काम करा, बाकी माझं सगळं विसरलात तरी चालेल.

एक फसवणूक सांगून ठेवतो. कधीकधी पोटातली कोकरं मरतात आणि मेंढी एकदम तरतरीत दिसायला लागते, कारण ओढ थांबलेली असते. घरचे म्हणतात, गुण आला. मेलेली कोकरं आत राहिली तर दोन दिवसांत त्यांचं विष अंगात पसरतं. गुण आला तरी डॉक्टरांना परत फोन करा.

आमची तर सगळ्यात माजलेली मेंढी गेली. लठ्ठ मेंढीला उपासमार कशी?

लठ्ठ मेंढीच्या पोटात चरबीचे थर असतात. त्यात कोकरं. वैरणीला जागाच नाही, म्हणून ती आपोआप कमी खाते. आणि मोडायला चरबी भरपूर असल्यामुळं मोडायला लागली की कलेजीवर लोट येतो. घराच्या मागं बांधलेल्या, भाकरीचे तुकडे आणि शिळा भात खाऊन वाढलेल्या दोन-चार मेंढ्यांत हे जास्त दिसतं.

पाठीवर हात ठेवून बघा, लोकरीवरून डोळ्यांनी ठरवू नका. शेवटच्या बरगडीच्या मागं, कण्यावर अंगठा आणि बोटं दाबा. हाडाचे काटे टोचले तर मेंढी रोड. दाबूनही हाड लागत नसेल तर लठ्ठ. जरा दाबल्यावर गोलसर हाड लागावं, ते बरोबर. हे नर सोडताना आणि पुन्हा तिसऱ्या महिन्यात करा. शेवटच्या महिन्यात लठ्ठ दिसली म्हणून वैरण तोडू नका, त्यानंच रोग सुरू होतो.

नेमकं किती खायला घालायचं?

चरून आल्यावर, शेवटच्या सहा आठवड्यांत, साध्या दख्खनी मेंढीला रोज २०० ते २५० ग्रॅम भरडा. जुळी असण्याची शक्यता असेल तर ३०० ते ३५०, दोन वेळांत वाटून. दहा किलोचा हिशोब: मका किंवा ज्वारीचा भरडा ५ किलो, शेंगपेंड अडीच किलो, गव्हाचा कोंडा सव्वादोन किलो, मेंढ्यांचं खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ ५० ग्रॅम. खनिज मिश्रण मेंढ्यांचंच घ्या. म्हशीच्या मिश्रणात तांबं जास्त असतं आणि मेंढीला तांब्याची विषबाधा लवकर होते.

पहिल्या दिवशी ५० ग्रॅमनं सुरुवात करा आणि दोन आठवड्यांत पूर्ण मापावर या. एकदम घातलं तर कोठा आंबून मेंढी दुसऱ्याच रोगानं जाईल.

आणि बघा, कोण खातंय. एकाच गव्हाणीवर वीस मेंढ्या सोडल्या की दांडग्या पाच जणी निम्मा भरडा संपवतात. प्रत्येकीला हातभर जागा पाहिजे. गव्हाण नसेल तर ताडपत्री लांब अंथरून पातळ पसरा. तीन महिन्यांच्या आत सोनोग्राफी करून जुळीवाल्या वेगळ्या काढता आल्या तर उत्तम, पण वाड्यावर ते सहसा जमत नाही. नाही जमलं तर गेल्या वेळी जुळी दिलेल्या आणि म्हाताऱ्या मेंढ्या वेगळ्या काढा.

शेवटच्या महिन्यात काय काय टाळायचं?

एक दिवसाचाही उपास. बाकी सगळं त्यातच येतं. पट्टणकोडोलीच्या यात्रेला घरचे सगळे गेले आणि कळप दोन दिवस पोरांच्या हवाली राहिला, की नंतरच्या आठवड्यात मला फोन येतो. शेतात खतासाठी कळप बसवला की मालक म्हणतो, सकाळी जरा उशिरा सोडा, लेंड्या जास्त पडतील. गाभण मेंढ्या असतील तर त्याचं ऐकू नका, किंवा तेवढ्या उशिराची वैरण त्याच्याकडूनच मागून घ्या. लोकर कातरायची तर अर्ध्या दिवसात उरका. पाऊस लागला आणि कळप बाहेर पडत नसेल तर त्या दिवशी भरडा वाढवा.

आंत्रविषाराची लस व्यायच्या महिनाभर आधी देतात, ती द्याच, कोकरांना चिकातून तिचा फायदा मिळतो. फक्त मेंढी धरताना पोटावर गुडघा टेकवू नका आणि लस देऊन झाली की लगेच चरायला सोडा.

व्याल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी मेंढी थरथरून, पाय झाडून मेली. हेच का?

बहुधा नाही. कोवळ्या, लुसलुशीत हिरव्या चाऱ्यावर असलेल्या दुभत्या मेंढीत मॅग्नेशियम घसरतं आणि ती काही तासांत जाते. आपल्याकडं हे कमी दिसतं. खनिज मिश्रण आणि सोबत थोडी वाळली वैरण यानं बहुतेक टळतं.

मेलेली मेंढी फाडून बघावी का? मटण चालतं का?

नाकातून, गुदातून काळपट न गोठणारं रक्त आलं असेल तर सुरी लावू नका, तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो. तसं काही नसेल तर डॉक्टरांसमोर जरूर उघडा. किटोसिसच्या मेंढीची कलेजी हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी पिवळट, फुगलेली असते, बोटानं दाबली तर चुरते, हाताला तेलकट लागते. एकदा पाहिली की विसरत नाही. आणि पिशवीत किती कोकरं होती तेही कळतं.

मटणाचं उत्तर: नको. मरायला टेकलेलं, सुया टोचलेलं जनावर हंडीत कशाला?

मेंढी वाचली, व्याली. ती ठेवावी की बाजार दाखवावा?

आधी कोकरांचं बघा. अशा मेंढीला दूध कमी येतं. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर कोकरू टिकत नाही. दुसऱ्या मेंढीचा मागून घ्या, नाहीतर शेळीचा चालेल. भरडा बंद करू नका, व्याल्यावर तिची गरज आणखी वाढते.

ठेवण्याबद्दल म्हणाल, तर लोक तिला खोडीची समजून वडगावच्या बाजारात नेतात. मी सहसा ठेवायला सांगतो. जुळी देणारी मेंढी आहे, खोड तिच्यात नव्हती. दात चांगले असतील, कास दगडासारखी झाली नसेल, आणि पुढच्या खेपेला दीड महिना भरडा घालायची तुमची तयारी असेल, तर ठेवा. तयारी नसेल तर विका, पण घेणाऱ्याला सांगून विका की ही जुळी देते आणि हिला शेवटी खुराक लागतो. एका मामांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "आसं सांगितल्यावर भाव वाढंल की वो, डॉक्टर." आणि मेंढी परत वाड्यावर घेऊन गेले.